घाटाचा उतार आणि भरलेली गाडी

गाळप हंगाम तोंडावर आला की आपल्या भागात गाड्यांची लगबग सुरू होते. कुणी पाटे बदलतो, कुणी टायर बघतो, कुणी हौदाच्या फळ्या ठोकून घेतो. ऊसतोडीच्या टोळ्या आणायच्या, फडातून ऊस वाहायचा, साखरेची पोती आणि मळी बाहेर धाडायची. आणि हंगाम सरला की हीच गाडी केळी, कपाशी, मका भरून कुठल्याही मुलखात जायची. आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या दारात आज ट्रक किंवा ट्रॅक्टर उभा आहे. म्हणून या वेळी उसाच्या बेण्याविषयी वा खताविषयी न लिहिता गाडीविषयी चार शब्द लिहावेत असे आम्ही ठरवले.

पाचोरा-भडगावचा आपला पट्टा सपाटीचा. ऊस फडातून गव्हाणीत येईपर्यंत नाल्याच्या फरशीशिवाय सांगण्यासारखा उतार लागत नाही. पण गाडीने दक्षिणेची वाट धरली की अजिंठ्याचा डोंगर आडवा येतो. चाळीसगावकडून गेलो तर कन्नडचा औट्रम घाट, पहूरकडून गेलो तर फर्दापूरच्या पुढचा अजिंठ्याचा घाट. उत्तरेला निघालो तर शिरपूरच्या पुढे सातपुड्यात बिजासनचा घाट. सपाटीवर हात बसलेला ड्रायव्हर, अंगावर भरलेली गाडी आणि समोर घाटाचा उतार, अशी गाठ पडते तेव्हाच घात होतो.

४ जुलै २०२३ ची गोष्ट सर्वांच्या लक्षात असेल. मध्य प्रदेशाकडून धुळ्याच्या दिशेने येणारा एक कंटेनर शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ वाटेतल्या वाहनांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसे गेली, वीसच्या वर जखमी झाली. गाडीचे ब्रेक निकामी झाले, असे त्या वेळी सांगण्यात आले. मेले ते कोण? रस्त्यावरचे, हॉटेलात बसलेले, एसटीची वाट बघत उभे असलेले. म्हणजे घाटातली गाडी सुटली की प्रश्न ड्रायव्हर आणि मालक यांच्यापुरता राहत नाही.

"ब्रेक फेल झाला" म्हणजे काय झाले?

अपघात झाला की हे तीन शब्द हमखास ऐकू येतात. ऐकणाऱ्याला वाटते, काहीतरी तुटले, नशीब फुटले, त्याला कोण काय करणार? पुष्कळ वेळा तुटलेले काहीच नसते. ब्रेक जागच्या जागी असतो, पण तो तापून निरुपयोगी झालेला असतो. तुटणे आणि तापणे यातला फरक ध्यानात घेतला पाहिजे. तुटणे एखाद्या वेळी आपल्या हाती नसेल, तापणे मात्र बहुतांशी आपल्या हाती असते.

बैलगाडी हाकलेल्या सभासदांना हे चटकन समजेल. उतार लागला की बैलांना ओढायचे काम राहत नाही. उलट गाडीच त्यांच्या अंगावर येते, जू मानेवरून पुढे सरकते आणि बैल पाय रोवून गाडी मागे रेटत उतरतात. ट्रकचेही तसेच. फरक एवढाच की तिथे रेटणारे बैल नाहीत. ते काम कोणी करायचे, ब्रेकने की इंजिनाने, हाच घाट उतरण्यातला मुख्य प्रश्न आहे.

आता थोडा हिशेब करू. समजा, मालासह गाडीचे वजन २५ टन आहे आणि उतार वीसास एक, म्हणजे २० मीटर चालले की १ मीटर खाली, असा आहे. अशा उतारावर गाडीला खाली खेचणारी ओढ २५ टनांचा विसावा भाग, म्हणजे सव्वा टन भरते. ४ किलोमीटर उतरले की गाडी २०० मीटर खाली येते. एवढे वजन एवढे खाली आले की जी शक्ती मोकळी होते ती कुठेतरी जिरलीच पाहिजे, आणि ब्रेकवर जिरली तर ती उष्णता होऊन जिरते. किती उष्णता? साधारण १६५ लिटर पाणी साध्या पाण्यापासून उकळीपर्यंत न्यायला लागते तितकी! डिझेलचे २०० लिटरचे पिंप डोळ्यासमोर आणा. जवळजवळ भरलेले असे पिंप उकळवण्याचा जाळ आठ-दहा मिनिटांत गाडीच्या ड्रममध्ये ओतला जातो.

दुसऱ्या रीतीने पाहा. हीच गाडी सपाटीवर ताशी ६० च्या वेगातून एकदा पूर्ण थांबवली तर ड्रमला जेवढी उष्णता मिळते, त्याच्या चौदा पट उष्णता या ४ किलोमीटरांत तयार होते. सपाटीवर एकदा ब्रेक मारला की पुढे बराच वेळ ड्रमला वारा लागतो, तो निवतो. घाटात निवायला सवडच मिळत नाही. रस्त्याचे आणि हवेचे घर्षण थोडा भार उचलते हे खरे, पण बाकीचा सगळा भार ब्रेक नाहीतर इंजिन यांनाच उचलावा लागतो.

ड्रम तापला की काय होते?

ब्रेक दाबला की आतले लायनर बाहेरच्या बाजूला सरकून फिरत्या ड्रमला घासतात. ड्रम लोखंडाचा, तो तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. लायनरला त्याच्यापर्यंत पोचायला जास्त सरकावे लागते. स्लॅक ॲडजस्टर आधीच ढिला असेल तर सरकण्याची मर्यादा तिथेच संपते. शिवाय लायनरचा मसाला दोनशे-तीनशे अंशांच्या पुढे तापला की त्याची पकड कमी होते. तो घासण्याऐवजी घसरू लागतो. म्हणून ड्रायव्हर पेडल पूर्ण दाबतो, हवाही पुरेशी असते, पण गाडी ऐकत नाही. तेलाच्या ब्रेकची लहान गाडी असेल तर याच्या जोडीला ब्रेकचे तेल उकळते, त्यात वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखे खाली जाते.

हवेच्या ब्रेकमध्ये आणखी एक भानगड असते. प्रत्येक वेळी पेडल दाबून सोडले की टाकीतली थोडी हवा खर्च होते. घाबरून धडाधड पेडल मारले की काँप्रेसर भरतो त्याहून लवकर टाकी रिकामी होते. हवा फारच उतरली की स्प्रिंगचा ब्रेक आपोआप लागतो, हे खरे. पण तोही त्याच तापलेल्या ड्रमवर लागणार! जिथे साधा ब्रेक हरला तिथे तो जिंकेलच याची खात्री कोणी द्यावी?

ब्रेक मरण्याआधी खुणा देतो. जळक्या लायनरचा उग्र वास येतो, चाकातून धूर दिसतो, तेवढ्याच रोधासाठी पेडल पहिल्यापेक्षा जास्त दाबावे लागते. यातली एक जरी खूण दिसली तरी गाडी अजून आपल्या ताब्यात आहे तोवर सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि ड्रम निवू द्यावा. तापलेल्या ड्रमवर पाणी मात्र मारू नये. त्याने ड्रमला चीर जाते. आपोआप निवायला जो वेळ लागेल तो लागू द्यावा.

बैलांचे काम इंजिनाकडे द्या

इंजिन गाडी ओढते हे सर्वांना माहीत आहे. ते गाडी रोखतेही, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. गाडी खालच्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. इंजिनाला आत हवा खेचावी लागते, ती दाबावी लागते, आतले घर्षण सोसावे लागते. या सगळ्याला लागणारा जोर गाडीच्या वेगातून वजा होतो. गिअर जितका खालचा तितके इंजिन जास्त फिरते आणि तितकी रोखण्याची ताकद जास्त. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो धूर जाण्याची वाट आवळतो आणि ही ताकद आणखी वाढवतो. यात तयार होणारी उष्णता इंजिनातून, धुरातून आणि रेडिएटरमधून निघून जाते. ड्रम थंड राहतो आणि खऱ्या गरजेच्या क्षणी ब्रेक हाताशी असतो. घाटात ब्रेक हे राखून ठेवायचे धन आहे.

जुने ड्रायव्हर सांगत, "ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर." नियम चांगलाच आहे. मात्र आताच्या गाड्यांची इंजिने ताकदवान असल्याने त्या वरच्या गिअरातही घाट चढतात. उतारावर तोच गिअर हलका पडतो. म्हणून आजच्या गाडीला चढताना लागतो त्याच्या खालचा गिअर धरणे शहाणपणाचे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, गिअर माथ्यावरच टाकावा, उतार लागण्यापूर्वी. भर उतारावर गाडीने वेग घेतल्यावर खालचा गिअर टाकायला गेले की जुना गिअर सुटतो आणि नवा पडत नाही. गाडी मध्येच न्यूट्रलमध्ये लोंबकळते आणि अडवायला कोणीच राहत नाही. घाट नीट उतरणार की नाही याचा निकाल निम्म्याहून अधिक माथ्यावरच लागलेला असतो.

न्यूट्रलची खोटी बचत

"उतारावर न्यूट्रल केली की डिझेल वाचते," असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. काही जण तर इंजिनच बंद करतात. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना एका मालवाहू गाडीने धडकाधडकी करीत अठ्ठेचाळीस वाहनांचे नुकसान केले. सुरुवातीला ब्रेक फेल झाल्याचीच बोलवा होती. पुढे प्राथमिक तपासात मात्र उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्याची गोष्ट समोर आली.

बचतीचा हिशेब तरी खरा आहे का, ते पाहू. गाडी गिअरमध्ये आहे आणि पाय ॲक्सिलरेटरवर नाही, अशा वेळी आताच्या डिझेल इंजिनात डिझेल जाणे बंद होते. चाकेच इंजिन फिरवीत असतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालत राहावे लागते, म्हणजे ते डिझेल पिते. तेव्हा न्यूट्रलमध्ये बचत नाहीच, झाली तर उधळपट्टी! इंजिन बंद केले तर? तर काँप्रेसर बंद, म्हणजे ब्रेकची हवा भरणे बंद; स्टिअरिंग जड, म्हणजे वळणावर हात कमी पडणार. सगळा घाट वीस मिनिटांचा धरला आणि मोकळ्या चालणाऱ्या इंजिनाला ताशी दोन लिटर धरले तरी वाचायचे ते एक लिटरसुद्धा नव्हे. त्यापायी २५ टनांची गाडी वाऱ्यावर सोडायची हा कुठला व्यवहार?

उतरण्याची रीत

१. माथ्यावर बाजूला थांबा. प्रेशरचा काटा पूर्ण भरू द्या. चाकांच्या जोडण्या, हवेचे पाइप, टायर, मालाचे दोर एकदा फिरून बघा. ब्रेक दाबून तपासा.

२. तिथली पाटी वाचा. जड वाहनांना बंदी असेल तर हुज्जत न घालता वळणाचा रस्ता धरा. औट्रम घाटात ३१ ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने या घाटातून जड वाहनांना बंदी झाली आणि ती नांदगावमार्गे वळवली गेली. वळशाला डिझेल आणि वेळ जास्त लागतो, हे आम्हालाही कळते. पण रात्रीचा काळोख गाठून गाडी गुपचूप खाली सोडण्याचा विचार मनातही आणू नये.

३. माथ्यावरच खालचा गिअर टाका, एक्झॉस्ट ब्रेक चालू करा.

४. आपला वेग ठरवा. समजा ३० ठरला. इंजिनाने रोखूनही गाडी ३० वर पोचली की ब्रेक नीट दाबून २२ च्या आसपास आणा आणि पाय पूर्ण काढा. पुन्हा ३० होईल तेव्हा पुन्हा तसेच. ब्रेकवर पाय हलकाच ठेवून सबंध घाट उतरण्याची सवय वाईट. हलक्या दाबाला सगळ्या चाकांचे ब्रेक सारखे लागत नाहीत. दोन-तीन चाके सगळा भार घेतात आणि तीच जळतात. नीट दाबले की भार सर्व चाकांवर वाटला जातो, आणि पाय काढला की निवायला सवड मिळते.

५. वारंवार ब्रेक लागत असेल तर गिअर चुकला आहे असे समजा. गाडी ब्रेकने अगदी हळू करून किंवा थांबवून आणखी खालचा गिअर टाका.

६. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. भरल्या गाडीने चढावर थांबून पुन्हा उठायचे म्हणजे काय कष्ट, हे गाडीवाल्याला सांगायला नको.

७. घाटात थांबावे लागले तर चाकाला दगड लावा आणि निघताना तो दगड उचलून कडेला टाका. आपल्याला वाचवलेला दगड मागच्या मोटारसायकलवाल्याचा जीव घेऊ शकतो.

ट्रॅक्टर, टँकर आणि वर बसलेली माणसे

ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून ऊस वाहणे सपाटीवर चालून जाते. उतारावर मात्र ब्रेक नसलेल्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला मागून ढकलतात आणि वळणावर त्याला आडवा करतात. नाल्याच्या लहानशा उतारावरही हे घडते. तेव्हा उतारावर एकच ट्रॉली, खालचा गिअर, आणि डावा-उजवा ब्रेक कडीने एकत्र जोडलेला. शेतात वळायला ब्रेक वेगळे ठेवतो, रस्त्यावर येताना कडी घालायला विसरतो, आणि एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर उलटतो.

मळीच्या टँकरची तऱ्हा निराळी. टँकर पूर्ण भरलेला नसेल तर आतला माल ब्रेक मारताच पुढे धावतो आणि वळणावर बाजूला कलतो. त्याचा वेग ट्रकपेक्षाही कमी हवा.

ऊसतोडीच्या टोळ्या आणताना-नेताना संसार, धान्य, शेळ्या आणि त्यावर बायकापोरे अशी गाडी भरलेली आपण दर वर्षी पाहतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि मालाबरोबर बसलेले किमान पंधरा मजूर दगावले. तो रस्ता काही घाटाचा नव्हता. मग अशा गाडीने घाट उतरणे म्हणजे काय, याचा विचार वाहन ठरवणाऱ्याने करावा. माणसे बसच्या गाडीत, सामान ट्रकमध्ये, हाच खरा मार्ग. खर्च वाढतो, पण ज्यांच्या कोयत्यावर आपला हंगाम उभा आहे त्यांच्या जिवाचा हिशेब टनावर करता येत नाही.

तरीही गाडी सुटलीच तर

पहिल्या क्षणी निर्णय घ्यावा. वेग वाढत जातो तसे उपाय कमी होत जातात. इंजिन बंद करू नये, न्यूट्रल करू नये, आहे तो गिअर धरून ठेवावा. हॉर्न आणि दिवे चालू ठेवावेत. वर चढणारी बाजूची वाट, वाळूचा-मुरमाचा ढीग, मऊ माती दिसली तर गाडी तिकडे घालावी. यातले काहीच नसेल तर वेग कमी आहे तोवरच डोंगराच्या अंगाला गाडी घासत न्यावी. पत्रा फाटेल, बॉडी जाईल. दरीत जाण्यापेक्षा आणि पायथ्याच्या वस्तीत घुसण्यापेक्षा ते बरे.

सुटलेल्या गाडीला चढ दाखवावा, ही युक्ती रेल्वेने फार पूर्वीच ओळखली. पाचोऱ्याहून मुंबईला जाताना इगतपुरीनंतर गाडी कसाऱ्याचा घाट उतरते. हा लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. त्याचा उतार सदतीसास एक इतका तीव्र. गाडी आवरेनाशी झाली तर ती मुख्य मार्ग सोडून चढाच्या आडमार्गावर जावी आणि आपल्याच वजनाने थांबावी, अशी सोय तिथे केलेली आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी धरलेले तत्त्व असे की उतारावर कितीही चांगल्या ब्रेकवर एकट्यावर भिस्त ठेवू नये. आपल्या ट्रकलाही तेच लागू आहे.

मालकाचे काम

इथवर वाचून "हे ड्रायव्हरला वाचून दाखवतो" असे म्हणून अंक खाली ठेवू नये. ड्रायव्हर घाटात काय करतो, ते बरेचसे मालकाने घरी काय ठरवले त्यावर अवलंबून असते. खेपेमागे ठरावीक डिझेल द्यायचे आणि वाचेल ते त्याचे, असा करार काही ठिकाणी असतो. हा करार म्हणजे न्यूट्रलला दिलेले आमंत्रण होय. खेपांवर पगार ठरवला की माथ्यावरची दहा मिनिटे त्याला तोट्याची वाटणारच. लायनर "अजून एक हंगाम काढतील" असे मालक म्हणतो आणि उतारावर पेडल मात्र ड्रायव्हरच्या पायाखाली असते. नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या वजनावर पाच टन जादा भरले की ओढही त्याच प्रमाणात वाढते, ब्रेक मात्र तेवढाच राहतो.

म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक वाहनधारक सभासदाने पुढील गोष्टी स्वतः पाहाव्यात. लायनर आणि ड्रम उघडून पाहावेत. स्लॅक ॲडजस्टर सर्व चाकांचे सारखे करून घ्यावेत. हवेच्या टाकीतले पाणी रोज सकाळी सोडायला सांगावे. एक्झॉस्ट ब्रेक बंद पडला असेल तर दुरुस्त करावा. हॉर्नच्या आधी तो. आणि ड्रायव्हरला चार माणसांत स्पष्ट सांगावे, "घाटात उशीर झाला तर मी विचारणार नाही. गाडी गिअरात आण, थांबत आण, पण नीट आण."

हे एक वाक्य मालकाच्या तोंडून ऐकलेला ड्रायव्हर माथ्यावर निर्धास्तपणे थांबतो, काटा भरू देतो, खालचा गिअर टाकतो आणि मग उतरतो. उसाचा भाव, उतारा, वाहतुकीचा दर यांवर आपण सभेत तावातावाने बोलतो, आणि बोललेच पाहिजे. या वर्षी वाहतुकीच्या बैठकीत घाटाचा हा विषयही सभासदांनी काढावा, एवढीच आमची विनंती.